मोठ्यानं अभ्यास

"नाटोची स्थापना एकोणीसशे एकोणपन्नास," अनुजानं भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं.

"एकोणीसशे एकोणपन्नास," भिंतीपलीकडून क्रांतीचा आवाज आला.

ह्याला बोलणं म्हणता येणार नाही. दोघी चुलत बहिणी आपापल्या अंगणात बसून बारावीच्या इतिहासाची उजळणी करत होत्या, इतकंच. गडमुडशिंगीत पोरं मोठ्यानंच अभ्यास करतात. मनात वाचणारं पोर झोपलंय असं घरचे धरून चालतात. 'त्या घराशी' बोलायचं मात्र नाही, असा दोन्ही घरांत दंडक होता. चार वर्षांपूर्वी आकाराम आणि बाळासो ह्या सख्ख्या भावांनी अंगणाच्या मधोमध भिंत घातली. कारण विचाराल तर दोघे दोन सांगतील, आणि दोन्ही ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी?

ऐन दुपार होती. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास हवेत जड होऊन राहिला होता. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. त्या सुस्तीत वॉशिंग्टन, मॉस्को, हवाना अशी नावं भिंतीवरून अलगद पलीकडे जात आणि जराशानं क्रांतीच्या आवाजात परत येत. ऐकता ऐकता अनुजाची तंद्री लागायची. आपण लांब कुठल्या बर्फाच्या देशात बसलोय आणि म्हैसही मूळची तिथलीच आहे, असं तिला वाटून जायचं.

बर्लिनच्या भिंतीचा परिच्छेद तेवढा तिनं भरभर उरकला. बाजेवर तिचा बाप, आकाराम, तोंडावर टॉवेल टाकून आडवा झाला होता, आणि तो झोपलाय यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पेपर उद्या होता. क्रांतीला वाचलेलं राहत नाही, ऐकलेलं राहतं. गेल्या वर्षी ती ह्या इतिहासातच नापास झाली. "ह्या बारीला राहिलीस तर मे म्हैन्यात लगीन. शिरोळचं स्थळ थांबलंय," असं बाळासोनं लेकीला सांगून ठेवलं होतं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. क्रांतीला पोलीस भरतीत उतरायचं होतं. त्यासाठी रोज पहाटे ती रस्त्यानं पळायची, पण बारावी पास असल्याशिवाय तिथं कुणी पळू देत नाही. तिच्या आईला अक्षरओळख नव्हती, आणि बाळासो म्हणायचा, शिकायचं ते तिचं तिनं. मोबाईल परीक्षेपुरते दोन्ही बापांनी कपाटात घातले होते. तेवढ्या एका बाबतीत भावांचं एकमत होतं.

सकाळपासून वाचून वाचून अनुजाचा घसा खरखरायला लागला होता. वॉर्सा कराराशी तो बसला. ती पाणी प्यायली, खाकरली, पुन्हा तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"वॉर्सा करार," पलीकडून क्रांती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "वॉर्सा करार."

अजून चार पानं राहिली होती. अनुजाला रडू यायला लागलं.

"वॉर्सा करार," तिसऱ्यांदा आलं, पण आता अगदी बारीक.

बाजेवरचा टॉवेल हलला. "काय झालं गं?"

अनुजानं घशाला हात लावून दाखवला. आकाराम उठून बसला आणि नुसताच भिंतीकडे बघत राहिला. म्हैस उभी राहिली, वळली, पुन्हा खाली बसली.

"आण हिकडं," शेवटी तो म्हणाला. "कुठपतूर आलंय?"

तिनं नखानं ओळ दाखवली.

आकारामचं वाचन दहावीनंतर बाजारभावापुरतं उरलं होतं. त्यात ह्या चार वर्षांत भिंतीच्या दिशेनं त्यानं एक शब्द काढला नव्हता. शिंक आली तरी तोंड फिरवून शिंकायचा. त्यानं पुस्तक लांब धरलं, घसा खाकरला आणि एकदम सुटला. सोव्हिएत युनियन, पोलंड, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. भरलेली उसाची ट्रॉली उतारावर ब्रेक न लागता जावी, तसा तो पानाच्या तळाशी जाऊन थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

पलीकडून काहीच आलं नाही.

काकाचा आवाज ऐकून क्रांतीला कुणी तरी आत ओढून नेलं असणार, असं अनुजाला वाटलं. आपल्या घशापायी सगळं गेलं. तिनं भिंतीला कान लावला. पलीकडे कुणी तरी खोकलं. ते खोकणं क्रांतीचं नव्हतं.

"अनुजा," बाळासोचा आवाज आला, "वाचणाऱ्याला सांग, जरा दमानं. पोरगी लिवून घेतीया."

अनुजाजवळ सांगायला आवाज नव्हता. तिनं नुसतं बापाकडे पाहिलं.

आकारामनं पुस्तक मांडीवर नीट ठेवलं. बाज भिंतीजवळ सरकवली. आणि शाळेत मास्तर शुद्धलेखन घालतात तसा एकेक शब्द सुटा करून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"वॉर्सा करार," तो म्हणाला, आणि पलीकडचं लिहून व्हायची वाट बघत थांबला.