दुसरा दात

२०१७ सालच्या मे महिन्यात भूपेंद्रने बायकोचा दात पाडला, तो एका डब्यावरून. हातातलं जीपीएस यंत्रच त्याने दिपमालाच्या तोंडावर हाणलं. ती भिंतीला धडकून खाली बसली, तर वर दोन लाथा घातल्या.

भूपेंद्रला डबे शोधण्याचा नाद होता. कुणीतरी माळरानात डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो हुडकायचा. जळगावात असे पाच-सहा नादिष्ट होते आणि भूपेंद्र त्यांचा गुरू. नव्यांना तो बजावायचा, "यंत्र जवळपास आणून सोडतं. तिथून पुढे यंत्र खिशात आणि डोळे उघडे." त्या दिवशी बोदवडच्या माळावर सगळे यंत्रात डोकं घालून फिरत राहिले. पाण्याची बाटली सांभाळत उभ्या असलेल्या दिपमालाला ढिगातला एकच दगड वेगळा दिसला. त्याची मातीची बाजू वर होती. तिने तो उचलला आणि डबा काढला.

भूपेंद्रचा मित्र प्रेमराज खदखदून हसला. "भाऊ, यंत्र विकून टाक. वहिनीलाच घेऊन फिर!"

भूपेंद्रही हसला. घराचं दार लावेपर्यंत हसत होता.

रक्त त्याच्या आईने पुसलं. भिकुबाईला कुणाशीही बोलताना तोंडावर पदर धरायची सवय होती. आताही एका हाताने ती सुनेची हनुवटी पुसत होती आणि दुसऱ्याने पदर धरून होती. आवाज ऐकून शेजारची बाई दारात आली, तेव्हा भिकुबाईच म्हणाली, "पायरीवर पडनी व माय."

दिपमालाने दोंडाईच्याला वडिलांना, अभिमन आबांना फोन केला. ते म्हणाले, "जावई पायरी म्हणतो, तुझी सासूही पायरीच म्हणते. मी कोणत्या तोंडाने तुला घेऊन येऊ?"

कुणीतरी खरं मानलं, तरच तिची सुटका होती. जवळ होता फक्त दात. भूपेंद्रने तो घरभर शोधला, तिची पेटी उलटी केली. तो तिने गालात धरून ठेवला होता.

लपवायचा कुठे, हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. "आपण लपवलेल्या डब्याकडे पुन्हा फिरकायचं नाही. पायवाट पडते, जागा उघडी होते." त्याचा स्वतःचा डबा मेहरूण तलावाच्या काठी, बाभळीच्या मुळाशी एका दगडाखाली होता. डब्यात कचरा ठेवू नये, शोधणाऱ्याचे कष्ट फळावेत असं काही ठेवावं, हेही त्याचंच सांगणं. भिकुबाई रोज सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला तलावावर जायची. एक दिवस दिपमाला तिच्यासोबत गेली. सासू पाण्याकडे तोंड करून बसलेली पाहून तिने दगड सरकवला, दात डब्यात ठेवला आणि येणारे नाव लिहितात त्या कागदावर लिहिलं : दिपमाला. पायरीवर पडले नाही.

जूनमध्ये सुरतचा कुणी हौशी तो डबा शोधून गेला. त्याने इंटरनेटवर लिहिलं, "डब्यात माणसाचा दात आहे. ही कसली थट्टा?"

ते वाचून भूपेंद्र दुपारीच घरी आला. तिचे केस मुठीत धरून त्याने डोकं दोनदा चौकटीवर आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात बाहेरून प्रेमराजची हाक आली. "चल भाऊ, तुझ्या डब्यात दात निघाला म्हणे! बघू तरी!" मागे तिघे मित्रही होते. भूपेंद्रने केस सोडले आणि तिचा दंड पकडला. "हीही येते," तो म्हणाला. "कुत्र्याबित्र्याचा असेल रे. कुणीतरी मस्करी केली."

भिकुबाई कणकेचा गोळा घेऊन मागोमाग निघाली.

बाभळीखाली मित्र गोल करून वाकले. भूपेंद्रने दगड बाजूला केला आणि झाकण उघडलं. पटकन मुठीत घेऊन दात लपवायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण त्याचा हात तसाच थांबला.

डब्यात दोन दात होते. एक पांढरा. दुसरा पिवळा पडलेला, जुनाट.

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. माणसं उभी आहेत हे विसरून त्याने यंत्र दिपमालाच्या कानशिलावर मारलं. "दुसरा कुणाचा ठेवलास? बोल! मी एकच पाडला होता!"

प्रेमराज एक पाऊल मागे सरकला. भूपेंद्रने पुन्हा हात उगारला, तेव्हा भिकुबाईने डब्यावरचा तोच दगड दोन्ही हातांनी उचलला आणि लेकाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. यंत्र गडगडत पाण्यात गेलं.

भूपेंद्रवर खटला झाला. चौघा मित्रांनी कोर्टात त्याचं तेच एक वाक्य सांगितलं. शिक्षा भोगून तो परतला, आता एकटाच राहतो. मनगट वाकडंच जुळलं. प्रेमराजने डबे शोधणं सोडलं. अभिमन आबा तलावावरच्या त्या प्रकाराच्या संध्याकाळीच गाडी करून लेकीला न्यायला आले. त्यानंतर ते तिच्या नजरेला नजर देत नसत. दिपमाला दोंडाईच्यात मिरचीच्या गोदामात कामाला लागली आणि पुढे तिथली मुकादम झाली. भिकुबाईने पायरीचं बोलणं पोलिसांसमोर मागे घेतलं आणि बोचकं बांधून सुनेच्या मागे आली.

दुसऱ्या दाताचं पोलिसांनीही विचारलं होतं. तो मी पाडला नाही, असं भूपेंद्र शपथेवर सांगत राहिला. तेवढं मात्र खरं होतं.

गोदामात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या भिकुबाईला एकदा मिरचीचा ठसका लागला आणि पदर निसटला. दिपमालाने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं उघडं तोंड पाहिलं. समोरची एक जागा रिकामी होती.

"आत्याबाई, तुम्हीही पायरीवर?"

भिकुबाईने डोळे पुसले. पदर मात्र पुन्हा वर घेतला नाही.

"तव्हय घरले पायरी नव्हती, माय. लोकस्ले मी विहिरवर पडनू आसं सांगं."