शुद्ध प्रत

"मूळ फीत व शुद्ध प्रत आद्यन्त ऐकून ताडून पाहिली. मूळ संगीतातील एकही सूर गळालेला नाही. सबब मूळ फीत जतन करण्याचे प्रयोजन उरत नाही."

ध्वनिसंग्रहालयाच्या प्रमाणपत्रात अशी तीन वाक्ये होती. पहिली दोन बहुधा तिसऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेली असावीत.

टेबलापलीकडे प्रमाणपत्रावर सही करणारे ध्वनितज्ज्ञ बसले होते. अलीकडे, कानांना हेडफोन लावून, दोघेजण: जॅझच्या त्या जुन्या मैफलीत डबल बास हे उंच तंतुवाद्य वाजवणाऱ्या, आता हयात नसलेल्या वादकाची मुलगी, आणि त्याच मैफलीतला ड्रमवाला, वय एक्याऐंशी.

संथ रचना सुरू झाली. पियानो आला, बास आला. ड्रमवाल्याचा तळवा टेबलावर गोल फिरू लागला. बराच वेळ फिरत राहिला.

"काका, तुम्ही कुठे आहात?" मुलीने विचारले.

"तेच शोधतोय, पोरी. बहुतेक त्या दिवशी मी आलोच नव्हतो."

त्या रचनेत त्याने काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश ड्रमच्या कातड्यावरून फिरवले होते. कोऱ्या कागदावरून कुणी हात फिरवावा, तसा तो आवाज. जुन्या फितीची खरखरही जवळपास तशीच असते. शुद्ध प्रत काढणाऱ्या संगणकाला दोहोंतला फरक कळला नाही, याचा दोष संगणकाला देता येणार नाही. प्रमाणपत्रावर सही त्याची नव्हती.

तज्ज्ञांनी संगणकाने वगळलेल्या आवाजांची यादी चाळली. "'खरखर, वगळली.' नोंद आहे इथे. लोकांना हल्ली स्वच्छ आवाज लागतो."

"अहो साहेब, ती खरखर मी नऊ मिनिटं वाजवत होतो. मनगट सुजलं होतं माझं."

मग बासचा एकट्याचा तुकडा आला. मुलगी पुढे झुकली. तिचे वडील एकटे वाजवू लागले की प्रत्येक सूर तारेवर येण्याआधी त्यांच्या नाकातून येई; काहीसा बेसूर, पण हट्टी. साथीदार त्यांना भुंगा म्हणत. जाणकार श्रोते ती गुणगुण कानावर पडावी म्हणून पुढच्या रांगेत जागा धरत. त्यांच्या आवाजाची या फितीखेरीज कुठेही नोंद नव्हती. आता बास स्वच्छ वाजत होता, आणि प्रत्येक सुराआधी एक नीट कापलेली पोकळी होती.

तिने हेडफोन काढले.

"'कण्हण्याचा आवाज, वगळला,'" तज्ज्ञांनी यादीतून वाचले. "संगीतबाह्य आहे तो, बाई."

"माझे वडील आहेत ते."

तज्ज्ञांनी खेद व्यक्त केला. तो त्यांना चांगला येत होता.

"मला मूळ फीत द्या," ती म्हणाली. "बाकी काही नको. एकदा ऐकेन आणि परत आणून देईन."

"ती गेल्या महिन्यात नष्ट झाली. प्रमाणपत्र झालं की फीत ठेवत नाहीत. नियम आहे."

टेबलावर फिरणारा तळवा थांबला.

"हे नियम करणाऱ्या मुडद्यांना चहाला बोलवा कुणीतरी," ड्रमवाला पुटपुटला. "जिवंत माणसाचं हे काम दिसत नाही." कुणी हसले नाही. तोही नाही.

मुलीने प्रमाणपत्र उचलून पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "आद्यन्त ऐकलं, असं आपण लिहिलंय. नऊ मिनिटं ड्रम नाही, हे कितव्या मिनिटाला आपल्या लक्षात आलं?"

तज्ज्ञांनी पुन्हा यादीकडे पाहिले. यादीत ते नव्हते.

तिने कागद उलटा केला, कोरी बाजू त्यांच्यासमोर ठेवली आणि वर पेन ठेवले. "आपण स्वतः काय ऐकलंत, तेवढं लिहून द्या. वरिष्ठांकडे तेच नेईन. यादीवरून नको."

तज्ज्ञांना हे सोयीचे वाटले. स्वतःचा बचाव करताना माणूस जितका प्रामाणिक होतो, तितका एरवी क्वचितच होतो. त्यांनी चष्मा पुसला, समास सोडला आणि वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिले:

"मला जॅझ समजत नाही. म्हणून दोन रचनांच्या मधली शांतता तेवढी मी स्वतः लक्षपूर्वक ऐकली. ती निर्दोष होती."