बदली तास

"घरबसल्या केलेल्या कोर्सचे कागद इथे चालत नाहीत, बाई." मुख्याध्यापकांनी माझी फाइल न उघडताच बाजूला सारली. खासगी शाळेच्या ऑफिसात क्लार्कची एक जागा होती. मी बेचाळीस वर्षांची, आणि फाइलमध्ये कंप्युटरची सहा ऑनलाइन सर्टिफिकेटं.

"घरबसल्या कुठले सर, ओट्यापाशी उभी राहून केलेत," मी म्हटलं. "एक्सेलमध्ये दोनदा नापासही झाले. परीक्षा खरीच होती."

तेवढ्यात शिपाईमामा धापा टाकत आले. "सर, आज चार शिक्षक रजेवर. सातवी ब, आठवी अ मोकाट सुटलेत. बदली तास कुणाला लावू?"

सर खुर्चीत बसूनच मागच्या भिंतीवरच्या वेळापत्रकावर नुसतं बोट फिरवत राहिले. वर बाकं आपटल्याचे आवाज वाढतच होते.

"उठा जरा," मी म्हणाले आणि त्यांच्या कंप्युटरपुढे बसले. वेळापत्रक त्यातही होतं, फक्त कुणी उघडत नव्हतं. कुठल्या तासाला कोण शिक्षक रिकामे, ते दहा मिनिटांत शोधून यादी मामांच्या हातात ठेवली. हळूहळू वरचा मजला शांत झाला.

सर खाकरले. "महिनाभर तात्पुरत्या या. मग बघू."

"जाहिरातीत कायम लिहिलंय, सर. ऑर्डर द्या."

"अहो, ऑर्डर टाइप करायलासुद्धा माणूस नाही आज!"

मी अजून त्यांच्याच खुर्चीत होते. "मी करते की. तारीख आजचीच घालू ना?"