कोरा कंदील

"ताई, हा जरा लावून दाखवा बरं," स्टॉलसमोरच्या बाई म्हणाल्या.

हेमांगीने आकाशकंदिलात बल्ब लावला. कागद उजळला आणि आत अडकलेली अक्षरं दिसू लागली. स्वतःच्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती भिजवून, कुटून तिने तो कागद केला होता. परीक्षणं चांगली आली होती. 'या कवितेची दखल घ्यावीच लागेल,' असंही एकाने लिहिलं होतं. प्रती मात्र पलंगाखालीच राहिल्या. कंदील तिने विरंगुळा म्हणून करायला घेतले, तर प्रदर्शनात त्यांनाच मागणी.

बाई चष्मा सावरून वाकल्या. ओठ हलवत त्यांनी एक ओळ वाचली, "हाक मारणारं कुणी उरलं नाही..."

हेमांगीने कंदील त्यांच्याकडे थोडा वळवला. तिची ओळ आजवर कुणी तिच्यासमोर वाचली नव्हती. कुणाची हो कविता, एवढं त्यांनी विचारलं तरी पुरे होतं.

"यात काहीबाही छापलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "दिवाळीत दारात बरं नाही वाटत. कोरा नाही का एखादा?"

"आहे ना," म्हणत हेमांगीने दुसरा काढून दिला.

पुढच्या खेपेला लगदा आणखी बारीक कुटायचा, असं तिने मनाशी ठरवलं.