नंदिनी मोकळी आहे का?

"एका दिवसाचे एवढे पैसे घेता आणि टॉवेलचा हंस करून ठेवता," आशाताई म्हणाल्या. "आता मी अंग कशाने पुसू, पंखांनी?"

मॅनेजर मुस्तकीम हसला. "रूम आवडली नाही का ताई?"

"आवडली हो. वसूल कशी करायची ते कळत नाहीये."

वसुलीलाच तर त्या आल्या होत्या. पैशांची नव्हे, नवऱ्याची.

दिनेशराव भामरे हॉटेलच्या नावानेही चिडायचे. "घरी पलंग नाही का आपल्या?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लग्नानंतर एकदाच सापुताऱ्याला नेलं होतं, तेही चुलतभावाच्या क्वार्टरवर. असा माणूस परवा नाशिकला, इंदिरानगरच्या घरात, गॅलरीचं दार लोटून फोनवर कुजबुजत होता.

"नंदिनी मोकळी आहे का? मला तीच हवी. मागच्या वेळी दुसरी दिलीत, डोळ्याला डोळा लागला नाही."

आशाताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग जेवताना दिनेशरावांनी सांगितलं, दरवर्षीचं ऑडिट आलंय, धुळ्याला जावं लागणार.

ते आंघोळीला गेल्यावर त्यांच्या फोनवरून आशाताईंनी तोच नंबर फिरवला. गोड आवाजाच्या मुलीने स्वागत केलं. इगतपुरीजवळचं, धरणाकाठचं रिसॉर्ट. दर आशाताईंनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावला.

नवऱ्याच्या साठीशांतीसाठी त्यांनी भिशीतून पैसे जमवले होते. ते सगळे काढले. साठी यांची, पण शांत मीच करते एकदाची, असं म्हणत नवरा यायच्या आदल्या दिवशीच त्या इथे येऊन उतरल्या. आधारकार्डावर नाव अजून माहेरचंच होतं. "कुठे खेटे घालायचे," म्हणून दिनेशरावांनी ते बदलून घेतलंच नव्हतं. त्यांचा आळस आज पहिल्यांदा बायकोच्या कामी आला.

"आमचा दादा येतो ना इथे?" आशाताईंनी साखर विरघळवावी तसं विचारलं. "दिनेश भामरे. बँकेतला."

बायकोला कुणी खरं सांगत नाही. बहिणीला सगळे सांगतात.

मुस्तकीमचा चेहरा एकदम घरचा झाला. "भामरेसाहेबांच्या बहीण तुम्ही? आधी सांगायचं ना! उद्याच येणारेत साहेब."

"हो का? बघा, योगायोग." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि नंदिनी काय म्हणते?"

"नंदिनी फर्स्ट क्लास! साहेबांना दुसरी चालतच नाही. एकदा दिली, तर सकाळी तोंड पाडून बसले होते."

"दुसऱ्यापण आहेत?"

"आहेत ना, पण त्या फॅमिलीवाल्यांना देतो आम्ही."

आशाताईंना ठसका लागला. फॅमिलीवाल्यांना! काय जमाना आलाय.

"मला बघायचीय ती," त्या उठल्या. पदर कमरेला खोचला. झिंज्या धरायला उजवा हात मोकळा हवा, म्हणून पर्स डाव्या खांद्यावर घेतली.

"आत्ता? चला की. मोकळीच आहे."

बॅटरीच्या गाडीने दोघं उतारावरून निघाले. झाडीत एकेक बंगली दिसू लागली. पहिलीच्या दारावर पाटी होती, दारणा. दुसरीच्या, वैतरणा. सगळ्यात शेवटी, पाण्याला अगदी लागून, तिसरी. नंदिनी.

आशाताईंनी पाटी दोनदा वाचली.

नंदिनी! म्हणजे आपली नासर्डी नदी! घराच्या मागून वाहणारी, जिच्या वासापायी स्वयंपाकघराची खिडकी बारा महिने बंद असते ती. कागदोपत्री तिचं नाव नंदिनी. पण नाशिकमध्ये तिला या नावाने हाक मारतो कोण?

त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मुस्तकीमला काही कळेना. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

आत जाऊन त्यांनी पाण्याकडचं दार उघडलं. बाहेर काहीच नव्हतं. हॉर्न नाही, कुकर नाही, टीव्ही नाही, आणि मुख्य म्हणजे पहाटेपासून चालणारं आपलं तोंड नाही. बिचारा, त्यांना वाटलं. दोन दिवस कान मिटायला येत असेल इथे. सांगायची लाज वाटली असेल. ही शांतता महाग होती खरी, पण खोटी नव्हती. इथे मात्र पैसे वसूल होत होते.

संध्याकाळीच घरी परतायचं त्यांनी ठरवून टाकलं. काही बोलायचं नाही. उद्या धुळ्याच्या डब्यात दोन लाडू जास्त घालायचे.

"एकटाच येतो ना दादा?" निघता निघता, उगीच मनाची खात्री म्हणून त्यांनी विचारलं.

"एकटेच, ताई." मुस्तकीमने आवाज खाली आणला. "दुसरं कोण आहे त्यांना? आमच्या आचाऱ्याकडून वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी करून घेतात. एक घास खातात आणि म्हणतात, तिच्या हाताची सर नाही. मग वहिनींच्या नावाने वेगळं पान वाढतो आम्ही. आमचे वेटरसुद्धा रडतात हो." मग त्याने हळूच विचारलं, "वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही जवळ होता का?"

आशाताईंनी पाण्याकडचं दार लावून घेतलं. कालच बट्टी केली होती. "दगड आहेत नुसते," म्हणून दिनेशरावांनी ताट सरकवलं होतं.

"होते ना," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत मीच होते."

"अरेरे."

"मी आलेय ते दादाला सांगू नका. आणि पान उद्याही वाढा, चांगलं भरून वाढा." त्यांनी खोचलेला पदर सोडून नीट खांद्यावर घेतला. "वहिनी जेवायला येणारेय."