जिभेखालचे थेंब

"जीभ वर कर," आत्या म्हणाली.

घारीने जीभ वर केली. थेंब पडले. कडू, हिरवट, वाळकं गवत चघळल्यासारखे.

"आत्या, तू मला गांजेकस करून सोडणार."

"होशील तर हो. गोलपोस्टच्या दांडीवर बसून गाणी म्हण."

घार क्लबची गोलकीपर. हवेतला बॉल झडप घालून उचलायची, म्हणून घार. सेमीफायनलला समोरचीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. बाहेरून कोच ओरडला, "उठ!" ती उठली, शेवटपर्यंत खेळली. मग बसमध्ये भडाभडा ओकली. घराचा रस्ता तिला सांगता येईना.

डॉक्टर म्हणाला, मेंदू हादरलाय, आराम हवा. कोच म्हणाला, पुढच्या रविवारी फायनल आहे. डॉक्टरचा पगार क्लबच देत असल्यामुळे तो पुढे काही बोलला नाही.

बोलली ती आत्या. तीही क्लबच्याच पगारावर. पोरींच्या जर्सी धुवायची, चेंजिंग रूम पुसायची. "हिला उतरवायचं नाही," तिने कोचला तोंडावर सांगितलं.

"पोरगी सज्ञान आहे, आत्या. तिला विचारा."

"मी खेळणार," घार म्हणाली. "नाही खेळले तर मरेन."

घरी खिडकीशी खुर्चीत घारीचे बाबा बसले होते. तेही याच क्लबचे गोलकीपर. असाच मार खाऊन, डोकं पुरतं बरं होण्याआधीच परत उतरले आणि दुसरा मार खाल्ला. तेव्हापासून त्यांच्याकडे एकच प्रश्न उरला होता.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"दोन-शून्य, दादा. आपण पुढे," आत्या म्हणाली. मग तिने चष्मा उचलला आणि औषधाचं दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. दोन्ही गांजाच्या तेलाच्या. "हिच्यातली नशा काढून टाकलीय. हिच्यात सगळं आहे." आत्याने दोन्ही लेबलं वाचली. इतके प्रश्न विचारले की मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी तिने दुसरी उचलली. "अर्धवट काम नको."

तेलाने म्हणा की झोपेने म्हणा, पण घार सुधारली. ठणका गेला. उजेड डोळ्यांना टोचेना. ती ताटातलं सगळं संपवू लागली, वर वाढ म्हणू लागली. पोरी घरी येऊन नाचल्या. कोच तर बाटलीच्या पाया पडायचा बाकी राहिला.

डॉक्टरने तिला एका पायावर उभं केलं. महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... घार सुसाट सुटली. कोचने तिथेच शिट्टी फुंकली.

"खेळू शकते," डॉक्टर पुटपुटला. "पण इतक्यात पुन्हा डोक्याला लागलं, तर..."

"शुभ बोला हो!" कोचने त्याला तोडलं.

घारीला भलतीच शंका आली. "कोच, ते तपासणीवाले? कपात लघवी घेऊन पट्टी बुडवतात, नशा सापडली की मैदानात उतरू देत नाहीत ते?"

"नाव काढू नकोस मेल्यांचं," आत्या कोपऱ्यातून फणकारली. "मागच्या फायनलला माझी नुकती पुसलेली फरशी चिखलाने बरबटवली."

"ते तक्रार आली तरच येतात," कोच हसला. "आणि तेलाचं माहीत कुणाला? आपल्याच माणसांना. आपली तक्रार करणार कोण?"

"मग तेल बंद करू का, आत्या?"

"आत्ता? खुळी आहेस का? फायनलच्या सकाळीसुद्धा घ्यायचं. डोकं शांत हवं."

रविवारी मैदान फुटायच्या बेतात होतं. पत्र्याच्या छतावरसुद्धा माणसं चढली होती. "घार! घार!" चेंजिंग रूमच्या भिंती थरथरत होत्या. घारीने ग्लोव्हज चढवले, पुन्हा काढले, पुन्हा चढवले. उड्या मारून मारून तिने आत्याची बादली सांडली.

"आत्या, डोकं कसं लख्ख आहे बघ! आज मुंगीसुद्धा आत सोडत नाही मी!"

आत्याने तिचं कपाळ दोन्ही हातांत धरलं. जरा जास्तच वेळ धरलं. मग फडका उचलून सांडलेलं पाणी टिपलं आणि बादली घेऊन बाहेर पडली.

बोळात बाबांची खुर्ची लावलेली होती.

"किती झाले?"

"अजून सुरूच नाही झाली, दादा."

बोळाच्या टोकाकडून दोघं जण आले. एकाच्या हातात कपांची पेटी होती. दुसऱ्याने आवाज खाली आणला.

"फोन तुम्हीच केला होता ना?"

"मीच," आत्या म्हणाली. "ते दुसरं दार. आणि पाय पुसू नका, आज खुशाल तसेच जा."