तळमजल्याची खोली

भय्यासाहेबांनी दोन्ही माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि लॉजच्या पत्रकावर बोट टेकवलं. "मी तर बाहेरच राहीन," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं ठरवा."

त्यांच्या सुनेला, मानसीला, हसावं की रडावं कळेना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघर मागे टाकून ती पहिल्यांदाच कुठे निघाली होती. कर्जतजवळ नव्यानं झालेल्या 'रंगनगरी'त दोन दिवस, दोन रात्री. हॉटेल बागेच्या आतच होतं. आत राहिलं की गर्दी यायच्या आधी पाळणे मोकळे मिळत, दुपारी दमलं की खोलीवर जाऊन पडता येई, आणि सकाळचा नाश्ता आयता. तिच्या नऊ वर्षांच्या श्रेयसनं हॉटेलचं चित्र कापून दप्तरात ठेवलं होतं. लॉज फाटकापासून अर्धा मैल लांब होतं. साध्या खोल्या, पुढे व्हरांडा आणि चहापाण्यासाठी प्रत्येक खोलीत एक स्टोव्ह. स्टोव्ह हा शब्द वाचूनच मानसीनं ते पत्रक उलटं ठेवलं होतं.

आत राहायला हरकत काय, असं ओंकारनं वडिलांना विचारलं. भय्यासाहेबांचं उत्तर तयार होतं. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पाच मिनिटांच्या आत सांगत. त्यांच्या उज्जैनचा राजा एकच, महाकाल. म्हणून सरकारचा तळ रात्री गावाबाहेर पडे.

"दूसरे के राज में रात नहीं गुजारते, भई," ते म्हणाले. "आणि त्या हॉटेलचं नावच राजमहाल आहे."

बँकेतून निवृत्त झालेला माणूस पाळण्यांच्या बागेला हा नियम लावतो, याचं श्रेयसलाही हसू आलं. पण भय्यासाहेब एकदा अडून बसले की ब्रह्मदेव आला तरी हलत नसत.

मानसीनं पुण्याला आपल्या आईलाही पत्र टाकलं होतं. पुणं तिथून जवळ, आई एकटीच राहते, दोन दिवस सोबत होईल. रजनीताईंचं उत्तर चार ओळींचं आलं. गुडघे फार दुखतात, पाळण्यांत माझं काय काम, तुम्ही मजा करा. मानसीला वाईट वाटलं, पण आईचं हे नेहमीचंच. चार वर्षांपूर्वी सिंहस्थाला उज्जैनला आली तेव्हाही लेकीच्या सासरी राहायचं नाही म्हणून राम घाटाजवळच्या धर्मशाळेत महिनाभर उतरली होती. तिचा डबा दोन्ही वेळा भय्यासाहेबच पोचवून येत. त्यांचा तेवढाच फेरफटका होई.

"सगळ्यांना बाहेर राहायचंय," मानसी नवऱ्याला म्हणाली. "आत जायची हौस फक्त मलाच."

शेवटी तिघांनी आत आणि भय्यासाहेबांनी बाहेर राहायचं, असं ठरलं. रविवारी टावर चौकातल्या एसटीडी बूथवरून त्यांनी स्वतःच लॉजला फोन लावला. खोली तळमजल्याचीच हवी, पायऱ्या अजिबात नकोत, असं त्यांनी दोनदा बजावलं. बरोबर गेलेल्या ओंकारला भाजी घ्यायला पिटाळून ते पुन्हा बूथमध्ये शिरले, ते पाऊण तासानं बाहेर आले. रोज राम घाटाच्या पायऱ्या चढउतार करणारा माणूस आता पायऱ्यांना भितो, हे ऐकून मानसी काळजीत पडली. आपण म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकतोय, असं तिला वाटायला लागलं.

'रंगनगरी' पत्रकात होती तशीच निघाली. पहिल्या दिवशी मानसी मोठ्या चक्रात तीनदा बसली आणि लहान मुलीसारखी ओरडली. भय्यासाहेब सकाळीच त्यांना फाटकाशी सोडून, पिशवी सावरत लॉजच्या रस्त्याला लागले होते. संध्याकाळी आत जेवायला या म्हटलं, तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आयते पोहे, इडल्या, फळं मांडलेली, आणि भय्यासाहेबांनी काय खाल्लं असेल या विचारानं मानसीनं बशी बाजूला सारली. पर्समध्ये हात घातला तर भय्यासाहेबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिच्याकडेच राहिलेल्या. मग मात्र तिला राहवलं नाही. आजची रात्र आपण सगळ्यांनीच लॉजवर काढायची, स्टोव्ह तर स्टोव्ह, असं तिनं ओंकारला सांगितलं. बापलेक पाण्यात होते, त्यांनी मान डोलावली. ती एकटीच चालत निघाली.

भय्यासाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा कुडता, गुळगुळीत दाढी. सुनेला पाहून ते उठून उभे राहिले. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मानसीनं गोळ्या त्यांच्या हातात दिल्या. मागच्या बंद दाराआड स्टोव्ह घरघरत होता आणि आल्याचा वास येत होता. घरी पाण्याचा पेलाही हातानं न घेणारा माणूस इथे स्वतःचा चहा स्वतः करतोय, हे पाहून तिचे डोळे भरून आले.

"आज आम्ही तिघंही इथेच येतोय," ती म्हणाली.

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "नको, बेटा. श्रेयसचा हिरमोड होईल."

"होऊ दे. माझंच चुकलं, भय्यासाहेब. तुम्हाला असं एकटं टाकायला नको होतं."

"मी एकटा..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं.

आत स्टोव्ह बंद झाला.

मानसीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दार सावकाश उघडलं, आणि एका हातात चहाचा कप, दुसरा हात चौकटीला टेकवत, गुडघे सांभाळत तिची आई उंबरठ्यावर आली.